रामटेकच्या घरांतील जुने टीव्ही-खेळ : एक विस्मृत प्रकरण

रामटेकचा इतिहास म्हटला कीं वाचकांच्या मनांत गडावरील राममंदिर, वाकाटकांची राजसत्ता आणि मेघदूतांतील रामगिरि हीं ठरल्याप्रमाणें उभीं राहतात. तो रामगिरि म्हणजे आमचेंच रामटेक, असें मानणारा मोठा पक्ष विद्वानांत आहे. त्या वादांत शिरण्याचा आमचा हेतु नाहीं. आम्हांस गडावरील केवल-नरसिंहाच्या देवळाची एक गोष्ट मात्र प्रस्तुत विषयास जवळची वाटते. त्या देवळाच्या भिंतींत वाकाटककालीन एक लेख कोरलेला होता; पण थरावर थर चढलेल्या लेपाखालीं तो असा बुजून गेला होता कीं नित्य दर्शनास येणाऱ्या माणसासही त्याची वार्ता नव्हती. इ. स. १९८० नंतरच्या दशकांत लेप निघाला, तेव्हां तीं झिजलेलीं अक्षरें उजेडांत आलीं आणि प्रभावतीगुप्तेच्या घराण्याविषयीं नवी माहिती विद्वानांच्या हातीं लागली. लेख नाहींसा झाला नव्हता. तो झांकला गेला होता, इतकेंच.

असाच एक लेप गेल्या वीस-पंचवीस वर्षांत, आमच्या डोळ्यांदेखत, एका निराळ्या जातीच्या वस्तूवर चढला आहे. १९९० नंतरच्या सुमारें पंधरा वर्षांत रामटेकसारख्या तालुक्याच्या गांवीं मध्यम स्थितीच्या कित्येक घरांत रंगीत टेलिव्हिजनशेजारीं प्लॅस्टिकची एक हलकी पेटी असे. तिला तारांनीं जोडलेले दोन 'रिमोट', माथ्यावर एक खांच, आणि त्या खांचेंत बसवावयाची 'कॅसेट'. मुलें तिला 'टीव्ही गेम' म्हणत. वडील माणसें तिला जें म्हणत तें येथें छापण्याजोगें नाहीं. ही पेटी बहुधा नागपुराहून, सीताबर्डीच्या बाजारांतून, परीक्षेच्या निकालाचें बक्षीस म्हणून येई. आज ती माळ्यावर पडली आहे, किंवा भंगारवाल्याच्या हातगाडीवरून केव्हांच निघून गेली आहे. ज्यांचें बालपण तिच्यापुढें गेलें त्या चाळिशीकडे झुकलेल्या गृहस्थांस तिच्याबद्दल विचारावें, तर दोन नांवें निघतात : मारिओ आणि काँट्रा. या दोन नांवांखालीं जें बुजलें आहे त्याविषयीं चार शब्द लिहावयाचे आहेत. विषय हलका दिसतो म्हणून वाचकांनीं पान उलटूं नये, एवढी विनंती आहे.

पेटीचें मूळ जपानांत आहे. क्योटो शहरीं १८८९ सालीं 'निंटेंडो' नांवाचा एक धंदा निघाला. तेथें फुलांच्या चित्रांचे 'हानाफुदा' नांवाचे पत्ते हातानें तयार होत. आमच्याकडे सावंतवाडीस चितारी गंजिफा रंगवीत, त्याच कुळांतील हें काम होय. पुढें या मंडळींनीं खेळण्यांत आणि मग विजेच्या खेळांत हात घातला, आणि जुलै १९८३ मध्यें 'फॅमिली कॉम्प्युटर' नांवाचें यंत्र १४,८०० येन किंमतीस बाजारांत आणिलें. त्याची रचना करणारे अभियंते मासायुकी उएमुरा (१९४३–२०२१) यांस तें स्वस्त ठेवावयाचें होतें, आणि त्या स्वस्ताईची ओढाताण यंत्राच्या प्रत्येक अवयवांत दिसते. कामापुरती स्मृति अवघी २ किलोबाइट; या मासिकाच्या एका पानावरील देवनागरी मजकूरही आजच्या पद्धतीनें तींत मावणार नाहीं. पडद्यावर आडवे २५६ आणि उभे २४० ठिपके. एका आडव्या ओळींत आठांहून अधिक हलतीं चित्रें आलीं कीं नववें दिसेनासें होई. खेळांत गर्दी झाली म्हणजे आकृत्या लुकलुकत, त्याचें कारण हेंच. १९८५ सालचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा सारा खेळ ४० किलोबाइटांत बसविलेला आहे. त्यांतील आकाशींचा ढग आणि जमिनीवरील झुडूप हें एकच चित्र असून फक्त रंग पालटलेला आहे. अनुष्टुभाच्या बत्तीस अक्षरांत अर्थ बसविणाऱ्या कवीस ही तंगी परकी वाटूं नये.

आमच्या घरीं आलेली पेटी मात्र बहुधा हें मूळ यंत्र नसे. तैवान व चीन येथें त्याच्या चिपांची नक्कल होऊं लागली, आणि जेथें मूळ माल पोंचला नव्हता किंवा परवडत नव्हता तेथें ती नक्कल पसरली. रशियांत १९९२ पासून ती 'डेंडी' म्हणून विकली गेली, पोलंडांत 'पेगासस' म्हणून. आमच्याकडील पेट्यांवर 'समुराई', 'लिटल मास्टर' अशीं नांवें असत. खेळांची अशी विनापरवाना नक्कल म्हणजे चोरी होती, याविषयीं आम्हांस संशय नाहीं. ज्यांनीं रात्रीचा दिवस करून हे खेळ रचिले त्यांच्या पदरीं या कॅसेटींतून एक पैसाही पडला नाहीं. परंतु या चोरीचा एक परिणाम मोठा विलक्षण झाला.

कॅसेटीवर '९९९९९९९ खेळ' असें छापलेलें असे. मोजूं गेल्यास निरनिराळे खेळ पंधरा-वीस, फार तर कांहीं डझन निघत. बाकीचे म्हणजे तेच खेळ दुसऱ्या नांवानें, किंवा पुढच्या पातळीपासून सुरू होणारे. हे पंधरा-वीस कोणीं रसिकतेनें निवडलेले नव्हते. चिपेची जागा महाग; म्हणून लहान खेळ आंत, मोठे बाहेर. १९८३ ते १९८६ या काळांतील आरंभींचे जपानी खेळ बहुधा २४ किलोबाइटांत मावत. १९८८ चा 'काँट्रा' १२८ किलोबाइटांचा, म्हणून तो स्वतंत्र कॅसेटींत किंवा चार-दोन खेळांच्या सोबतीनें मिळे. याचा परिणाम असा कीं, २००० सालीं रामटेकचें मूल जे खेळ खेळत होतें ते त्याच्या जन्मापूर्वीं जपानांत रचिलेले होते, आणि त्यांतील कांहीं अमेरिकेंतील मुलांनीं घरच्या यंत्रावर त्या काळीं पाहिलेच नव्हते. 'बॅटल सिटी', 'बायनरी लँड', 'सर्कस चार्ली' यांच्या या यंत्रावरील आवृत्त्या जपानपुरत्याच निघाल्या होत्या. न्यूयॉर्कच्या मुलास जें मिळालें नाहीं तें अंबाळा तलावाच्या कांठीं राहणाऱ्या मुलास मिळालें. चोरवाटेनें मिळालें, आणि तें दुर्मिळ आहे हें त्यास कोणीं सांगितलें नाहीं.

सांगणार तरी कोण? हा संग्रह आला तो मुखपृष्ठें फाडून आला. नक्कल करणारे पहिल्या पडद्यावरील कंपनीचें नांव आणि सन पुष्कळदां पुसून टाकीत. नियम सांगणारी पुस्तिका नसे. यादींतील नांव इंग्रजींत, तेंही मनास येईल तसें बदललेलें. कर्त्याचें नांव तर मूळ खेळांतही दुर्मिळ. त्या काळच्या कित्येक जपानी कंपन्या आपल्या माणसांचीं खरीं नांवें पडद्यावर देत नसत, टोपणनांवांवर भागवीत. काँट्रांत तीस जीव मिळविण्याची युक्ति पहा : दोनदां वर, दोनदां खालीं, डावें-उजवें, पुन्हां डावें-उजवें, मग 'बी' आणि 'ए'. ही युक्ति एका मुलाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानीं, श्रुतीसारखी, एक अक्षर न चुकतां पसरली. ती मुळांत काझुहिसा हाशिमोतो यांनीं 'ग्रेडियस' नांवाच्या खेळाच्या १९८६ च्या घरगुती आवृत्तींत घातली. तपासणी करतांना तो खेळ त्यांचा त्यांसच अवघड जाई, म्हणून. हाशिमोतो फेब्रुवारी २०२० मध्यें वारले, तेव्हां वृत्तपत्रांतून त्यांचें नांव जगभर झालें. मंत्र घरोघर पोंचला होता. ऋषीचें नांव पोंचावयास चौतीस वर्षें लागलीं.

आतां, जे खेळ पुन्हां पाहण्याजोगे आहेत असें आम्हांस वाटतें त्यांकडे वळूं. पहिला मान 'लोड रनर'चा. डग्लस स्मिथ नांवाच्या अमेरिकन विद्यार्थ्यानें तो रचिला; १९८३ सालीं तो तिकडे संगणकांवर प्रसिद्ध झाला, आणि १९८४ सालीं हडसन कंपनीनें तो या जपानी यंत्रावर आणिला. निंटेंडोबाहेरच्या लोकांनीं या यंत्रासाठीं काढलेल्या अगदीं पहिल्या खेळांपैकीं हा एक. जपानांत त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. पडद्यावर विटांचे मजले, शिड्या आणि आडवे दोर. जागोजाग सोन्याच्या राशी. आणि पाठलाग करणारे पहारेकरी. नायकाजवळ मारण्याचें शस्त्र नाहीं, त्यास उडी मारतां येत नाहीं. त्यास एकच विद्या येते : पायांच्या डाव्या किंवा उजव्या बाजूची वीट फोडून खळगा पाडणें. खळगा थोड्या वेळानें आपोआप बुजतो. पहारेकरी त्यांत पडला तर कांहीं क्षण अडकतो, आणि तेवढ्यांत त्याच्या डोक्यावरून चालत जातां येतें; आपण पडलों आणि वर येण्यास वाट नसली, तर आपणच गाडले जातों.

एवढ्या भांडवलावर स्मिथ यांनीं जें उभें केलें तें बुद्धिबळाच्या पटाशेजारीं ठेवण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. तळघरांतील सोनें काढावयाचें तर तीन थर खालीं खणावें लागतें. पण एका जागीं उभें राहून सरळ खालीं खणतां येत नाहीं, म्हणून वरच्या थरांत आधीं किती विटा फोडाव्या याचा हिशेब करावा लागतो, आणि तो हिशेब पहिला खळगा बुजण्यापूर्वीं पुरा व्हावा लागतो. पहारेकरी हा शत्रु खरा, पण पुष्कळ ठिकाणीं तोच पायरी म्हणून उपयोगीं पडतो. त्यास मारला तर वाट बंद होते. ज्या मुलास हें कळलें त्यास नियोजन म्हणजे काय हें कोणत्याही पाठ्यपुस्तकापूर्वीं कळलें. आमच्याकडे हा खेळ बहुतेकांनीं दोन-तीन पातळ्यांवर सोडून दिला. कारण उघड आहे : पुस्तिका नव्हती, आणि गोळी झाडण्याचें बटण दाबल्यावर गोळी सुटत नाहीं हें पाहून मुलें निराश होत.

या खेळांत स्वतःची पातळी रचण्याचीही सोय होती. विटा, शिड्या, सोनें आपल्या मनाप्रमाणें मांडावें आणि मग शेजारच्या मुलास आंत सोडून त्याची फजिती पहावी. जपानांत ही रचना ध्वनिफितीच्या यंत्रावर सांठवून ठेवतां येई. आमच्या पेट्यांबरोबर तें यंत्र आलें नव्हतें. २००५ च्या आगेमागें ग्रामीण महाराष्ट्रांत भारनियमनानें वीज रोज कित्येक तास जाई, हें वाचकांस स्मरत असेल. दुपारभर खपून रचलेली पातळी वीज गेली कीं पुसली जाई. त्या पुसलेल्या पातळ्यांत कांहीं उत्तम असतील, असें आम्हांस मनापासून वाटतें. रामटेकांत निर्माण झालेली आणि कोठेंही नोंद नसलेली अशी ती एक कला होती. तिचा शोध मात्र कोणत्याही लेपाखालीं लागणार नाहीं.

दुसरा खेळ 'बायनरी लँड', हाही हडसनचाच, या यंत्रावर १९८५ सालीं आलेला. यादींत तो असला तरी मुलें त्याजवळ क्वचितच थांबत, कारण त्यांत शौर्य नाहीं. दोन पेंग्विन, एक नर व एक मादी. मध्यें भिंत, आणि वर मध्यभागीं पिंजऱ्यांत कोंडलेलें एक हृदय. एकाच रिमोटनें दोघांस चालवावयाचें; पण एक डावीकडे वळला कीं दुसरा उजवीकडे वळतो, जसें आरशांतलें प्रतिबिंब. दोहों बाजूंच्या भिंती सारख्या नसतात, म्हणून एक अडतो तेव्हां दुसरा पुढें सरकतो आणि दोघांतील मेळ बिघडतो. दोघांनीं दोहों बाजूंनीं हृदयापाशीं एकाच वेळीं पोंचावें, तर पिंजरा उघडतो. एकटा आधीं पोंचून उपयोग नाहीं. कोळ्याच्या जाळ्यांत एक सांपडला तर दुसऱ्यानें वाट वांकडी करून त्यास सोडविण्यास जावें लागतें. गृहस्थाश्रमाचें इतकें थोडक्यांत केलेलें चित्र आम्ही दुसरें पाहिलें नाहीं, आणि तेंही २४ किलोबाइटांच्या आंत! या खेळाच्या पार्श्वभूमीस वाजणारी चाल एरिक साती (१८६६–१९२५) या फ्रेंच संगीतकाराच्या एका वॉल्ट्झची आहे. विदर्भांतील ज्या घरांत पाश्चात्य संगीताची एकही तबकडी कधीं आली नसेल त्या घरांत पॅरिसची ती चाल उन्हाळ्याच्या सुटींत दिवसभर वाजत होती. ती ज्यांच्या कानांत अजून आहे त्यांस सातींचें नांव सांगितलें कीं त्यांच्या चेहऱ्यावर जें आश्चर्य उमटतें तें पाहण्याजोगें असतें.

बाकीच्यांविषयीं थोडक्यांत लिहितों. 'सर्कस चार्ली' (मूळ १९८४, या यंत्रावर १९८६) यांत सिंहावर बसून जळत्या कड्यांतून उड्या, दोरावरील चाल, चेंडूंवरील तोल, घोडा आणि शेवटीं झुले, असा क्रम आहे. ज्या देशांत विष्णुपंत छत्र्यांनीं १८८० सालीं सर्कस उभी केली तेथें हा खेळ लवकर समजला, यांत नवल नाहीं. तो पूर्ण विस्मृतही नाहीं. 'बॅटल सिटी' (१९८५) मधील रणगाडे लोकांस आठवतात; पण त्यांतही रणभूमि आपण आंखण्याची सोय होती, हें आठवणारे थोडे. आपल्याच गरुडचिन्हाची भिंत आपल्याच गोळीनें फोडली म्हणून दोघां भावांचीं भांडणें झालीं नाहींत असें घर विरळा. 'अंटार्क्टिक ॲडव्हेंचर' या कोनामीच्या खेळांत एक पेंग्विन दक्षिण ध्रुवाकडील निरनिराळ्या देशांच्या संशोधन-केंद्रांस धांवत भेट देतो आणि तेथें त्या त्या देशाचें निशाण चढतें. भूगोलाच्या शिक्षकांनीं याचा उपयोग करावयास हरकत नव्हती. उरलेल्यांत टाकाऊ पुष्कळ होते, हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. दहांतील चार खेळ विस्मृत झाले तें योग्यच झालें.

एका खेळाच्या बाबतींत मात्र काळाची निकड आहे, म्हणून त्याचें नांव प्रसिद्ध असूनही तो येथें घेतों. 'डक हंट' (१९८४) हा बदकांच्या शिकारीचा खेळ प्लॅस्टिकच्या बंदुकीनें खेळत. बंदुकींतून कांहीं सुटतें आणि पडद्यास लागतें, अशी सर्वांची समजूत असे. खरें उलट आहे. चाप ओढतांच पडदा क्षणभर काळा होतो, पुढच्याच क्षणीं बदकाच्या जागीं एक पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीच्या नळींतील प्रकाशग्राही डोळा तो चौकोन दिसला कीं नाहीं तेवढें पेटीस कळवितो. बंदूक मारीत नाहीं, पाहते. ही सारी घटना सेकंदाच्या अंशांत घडते, आणि ती जुन्या कांचेच्या नळीच्या टेलिव्हिजनवरच जमते. आजचे सपाट पडदे चित्र दाखविण्यास किंचित् उशीर करतात आणि तेवढ्या उशिरानें नेम चुकतो. म्हणजे कॅसेट जपून ठेविली आणि जुना टेलिव्हिजन भंगारांत दिला, तर हा खेळ त्या पेटीवर मेला असें समजावें.

येथें कोणी सुज्ञ वाचक विचारतील, कीं ज्या खेळांपायीं मुलांचे डोळे गेले आणि गणिताचे गुण गेले त्यांचा शोध कशास घ्यावा? आक्षेप पोकळ नाहीं. पेटी कपाटांत कुलूप लावून ठेवणाऱ्या आईबापांची बाजू आम्हांस समजते. पण सोंगट्यांच्या पायीं राज्यें गेल्याची कथा ज्या देशांत घरोघर सांगितली जाते, त्या देशांत सारीपाट जपून ठेवावयास कोणीं हरकत घेतली नाहीं. पुण्यास दिनकर गंगाधर केळकर, म्हणजेच कवि 'अज्ञातवासी', यांनीं अडकित्ते, दिवे, कुलपें, खेळाचे पट असल्या घरगुती वस्तु जमविण्यास आरंभ केला तेव्हां त्या वस्तु लोक मोडींत घालीत होते. १९७५ सालीं तोच संग्रह त्यांनीं महाराष्ट्र शासनास दिला, आणि आज लोक तिकीट काढून तो पाहतात. केळकरांनीं अडकित्त्यास विचारलें नाहीं, कीं तूं सुपारीचें व्यसन वाढविलेंस कीं नाहीं.

परदेशीं या कामाची जाग आलेली आहे. स्वतः उएमुरा हे निंटेंडो सोडल्यावर क्योटोच्या रित्सुमेइकान विद्यापीठांत खेळांच्या अभ्यासाचें काम करीत होते. अमेरिकेंत एका खेळ-इतिहास संस्थेनें २०२३ सालीं पाहणी प्रसिद्ध केली, तींत २०१० पूर्वीं तेथें निघालेल्या खेळांपैकीं शेंकडा ८७ आज बाजारांत विकत मिळत नाहींत असें आढळलें. हे मूळ खेळांचे आंकडे झाले. आमच्या कॅसेटींची नोंद त्यांत येत नाहीं. बदललेलीं नांवें, पुसलेले सन, एकाच खेळाच्या दहा आवृत्त्या, हें सारें आमच्या इकडचें आहे आणि तें आमच्या माळ्यांवरच आहे. नागपूरच्या अजब बंगल्यांत वाकाटकांच्या ताम्रपटांजवळ अशा पेटीस एखादा कोपरा मिळाला तर आम्हांस त्यांत विसंगति दिसणार नाहीं.

तोंपर्यंत घरच्या घरीं जें करतां येईल तें सांगतों. कॅसेट सांपडल्यास तिची यादी पडद्यावर उघडून सर्व नांवें क्रमानें कागदावर उतरावीं, पडद्याचीं छायाचित्रें घ्यावीं, आणि ती कोणत्या सालीं व कोणत्या बाजारांत घेतली हें घरांतील ज्यास आठवत असेल त्याजकडून विचारून खालीं लिहावें. खेळ सुरू झाला नाहीं तर लहानपणच्या संवयीनें कॅसेटींत फुंकर मारूं नये. फुंकरीनें कॅसेट कधींच सुधारत नव्हती; ती काढून पुन्हां बसविली म्हणजे धातूचे दांते नीट टेंकत, आणि श्रेय फुंकरीस मिळे. तोंडाच्या ओलाव्यानें उलट ते दांते गंजतात. स्पिरिटांत बुडविलेला कापूस काडीस गुंडाळून दांत्यांवरून हलकेच फिरवावा, पुरें वाळूं द्यावें, आणि मग कॅसेट बसवून बटण दाबावें.